निवृत्तिवेतनाची खतावणी

मार्च २०२३ मधील गोष्ट आहे. जुनी पेन्शन योजना पुन्हा लागू करावी या मागणीसाठी महाराष्ट्रातील सरकारी व निमसरकारी कर्मचारी १४ मार्चपासून संपावर गेले होते. शाळा, तहसील कचेऱ्या, सरकारी रुग्णालये यांचे कामकाज थंडावले होते. त्याच आठवड्यात एका परिचित व्यापाऱ्यांच्या पेढीवर मी सहज जाऊन बसलो. कापडाचे जुने दुकान, गिऱ्हाईक तुरळक, आणि बोलण्याचा विषय अर्थातच पेन्शन. शेटजी म्हणाले, "साहेब, आम्ही सकाळपासून रात्री दहापर्यंत गादीवर बसतो, कर भरतो. आम्हाला कोण पेन्शन देतो? यांना पगारही हवा आणि मरेपर्यंत पेन्शनही हवी!" समोर बसलेले गृहस्थ जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षक होते व संपात सामील होते. ते शांतपणे म्हणाले, "शेटजी, आमच्या पगारातून दरमहा कापलेला सगळा पैसा शेअर बाजारात जातो. उद्या बाजार कोसळला तर म्हातारपणी आम्ही कोणाच्या दारात उभे राहायचे?"

दोघेही सज्जन, दोघेही तळमळीने बोलत होते. उभे आयुष्य बँकेत गेल्यामुळे दोघांनीही माझ्याकडे न्यायनिवाड्यासाठी पाहिले. मी दोघांनाही तीनच प्रश्न विचारले. जुन्या योजनेत पेन्शनचा पैसा कोठून येतो? नव्या योजनेत सरकार स्वतःच्या वाट्याचे काही भरते का? आणि कर्मचाऱ्याच्या जमा रकमेपैकी किती हिस्सा समभागांत गुंतवला जातो? शेटजींची समजूत अशी की, नव्या योजनेतही सारा भार सरकारच उचलते. गुरुजींची समजूत अशी की, सारा पैसा शेअर बाजारातच जातो. वस्तुस्थिती अशी होती की, सरकारी कर्मचाऱ्यांच्या सर्वसाधारण गुंतवणूक पद्धतीत त्या वेळी समभागांची कमाल मर्यादा १५ टक्के होती. उरलेली रक्कम मुख्यतः सरकारी रोख्यांत व कंपन्यांच्या कर्जरोख्यांत जात असे. मते ठाम होती, आवाज चढले होते. परंतु मतांच्या खाली असायला हवा तो माहितीचा पाया दोघांकडेही नव्हता.

त्या दिवसापासून हा विषय माझ्या मनात घर करून आहे. निवृत्तिवेतनातील सुधारणांविषयी समाजाचे मत बनते कसे? स्वार्थातून, की माहितीतून? आणि माहिती मिळाली तर मत खरोखर बदलते का?

तीन योजना, थोडक्यात

प्रथम वस्तुस्थिती पाहू. जुन्या योजनेत सरकारी कर्मचाऱ्याला अखेरच्या मूळ वेतनाच्या निम्मी रक्कम पेन्शन म्हणून मिळे, त्यावर महागाई भत्ता वाढत जाई, आणि त्यासाठी त्याच्या पगारातून काहीही कापले जात नसे. निराळा निधी नसल्याने ही रक्कम त्या त्या वर्षीच्या महसुलातून दिली जाई, म्हणजे आजच्या करदात्याच्या पैशातून कालच्या कर्मचाऱ्याची पेन्शन. १ जानेवारी २००४ पासून केंद्रात भरती झालेल्यांना आणि १ नोव्हेंबर २००५ पासून महाराष्ट्र शासनात लागलेल्यांना ही योजना बंद झाली. तिच्या जागी अंशदानाची पद्धत आली. कर्मचारी वेतनाच्या व महागाई भत्त्याच्या १० टक्के भरतो, सरकारही आपला वाटा भरते. केंद्र सरकारचा वाटा एप्रिल २०१९ पासून १४ टक्के झाला. निवृत्तीच्या वेळी जमलेल्या रकमेतून ६० टक्क्यांपर्यंत एकरकमी मिळते व किमान ४० टक्क्यांतून वर्षासन विकत घ्यावे लागते. पेन्शन किती मिळेल, हे त्या दिवशीच कळते.

२४ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्राने तिसरी, एकीकृत पेन्शन योजना जाहीर केली, आणि दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ती स्वीकारण्याचा निर्णय घेतला. केंद्रात ती १ एप्रिल २०२५ पासून लागू झाली. २५ वर्षांच्या नोकरीनंतर अखेरच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी खात्रीची पेन्शन, किमान दहा वर्षे नोकरी झाली असल्यास दरमहा किमान १०,००० रुपये, आणि मृत्यूनंतर जोडीदाराला पेन्शनच्या ६० टक्के, अशी तिची मुख्य कलमे आहेत. कर्मचाऱ्याचे १० टक्के कायम राहिले, सरकारचा वाटा १८.५ टक्के झाला.

आता गंमत पाहा. खात्रीची पेन्शन हवी म्हणून वर्षानुवर्षे आंदोलने झाली. पण ती स्वीकारण्याचा विकल्प समोर आला तेव्हा सुमारे २३ लाख केंद्रीय कर्मचाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी तो निवडला. ३० जून २०२५ ची मुदत आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि पुढे ३० नोव्हेंबरपर्यंत वाढवावी लागली. याचे अनेकांना आश्चर्य वाटले. मला वाटले नाही, कारण हा अनुभव मी स्वतः घेतलेला आहे.

माझ्या हातचा एक कागद

बँक कर्मचाऱ्यांना पूर्वी पेन्शन नसे. बँक व कर्मचारी या दोघांच्या वाट्याचा भविष्य निर्वाह निधी मिळे. २९ ऑक्टोबर १९९३ च्या करारानुसार निधीतील बँकेचा वाटा सोडून देणाऱ्याला पेन्शन घेण्याचा विकल्प मिळाला, व १९९५ मध्ये त्याचे विनियम आले. अखेरच्या दहा महिन्यांच्या सरासरी वेतनाच्या निम्मी पेन्शन, तिच्यावर महागाईची भर, आणि मागे पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन. आज हे वाचून कोणीही म्हणेल, याला नकार कोण देईल? पण त्या वेळी हजारो लोकांनी नकार दिला. काही संघटनांचा विरोध होता. संपात भाग घेतल्यास त्याचा परिणाम पेन्शनपात्र सेवेवर होईल, या एका तरतुदीची मोठी धास्ती होती. आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे भविष्य निर्वाह निधीवर तेव्हा १२ टक्के व्याज मिळत होते.

आमच्या शाखेत एक हेड कॅशियर होते. सारी शाखा त्यांना अण्णा म्हणे. वयाने मला वडील, पण मी एम.कॉम. झालेला, म्हणून विकल्पाचा अर्ज घेऊन ते माझ्यापुढे बसले. "तुम्ही हिशेब करून सांगा, मी तिथे सही करतो," असे म्हणाले. मी कोऱ्या कागदावर आकडेमोड केली. बँकेच्या वाट्याची रक्कम १२ टक्क्यांनी ठेवली तर दरमहा व्याज किती, आणि पेन्शन घेतली तर किती. व्याज जास्त निघाले, शिवाय मुद्दल शिल्लक. अण्णांनी पेन्शन नाकारली. मीही नाकारली.

त्या कागदावरील बेरीज-वजाबाकीत एक पैचीही चूक नव्हती. चूक वेगळी होती. व्याजदर कायम १२ टक्के राहतील, असे मी धरून चाललो होतो. महागाई भत्त्याचा रकाना मी काढलाच नव्हता. आणि अण्णांच्या मागे वहिनींना काय मिळेल, हा प्रश्न मला सुचलाही नव्हता. ज्याला आपण व्यापारी भाषेत एकेरी नोंद म्हणतो, तसा तो हिशेब होता.

अण्णा २००२ मध्ये निवृत्त झाले. मिळालेल्या रकमेतून मुलीचे लग्न झाले, घराचा वरचा मजला चढला, उरलेली रक्कम मुदत ठेवीत गेली. पुढच्या एक-दोन वर्षांत ठेवींचे दर निम्म्यावर आले. २७ एप्रिल २०१० च्या करारानुसार पेन्शनचा दुसरा विकल्प मिळाला. पंधरा वर्षांपूर्वी जी योजना नाकारली होती, तीच घेण्यासाठी या वेळी रांगा लागल्या. योजना मूलतः तीच होती, माणसेही तीच होती. फरक एवढाच की, मधल्या काळात पेन्शन घेतलेले सहकारी दरमहा काय घेऊन जातात, हे सर्वांनी डोळ्यांनी पाहिले होते. मी नोकरीत होतो. ठरलेला भरणा करून पेन्शनमध्ये आलो. निवृत्त झालेल्यांना मात्र बँकेच्या वाट्याची घेतलेली सर्व रक्कम आणि तिच्यावर आणखी ५६ टक्के परत भरायचे होते. अण्णांकडे तेवढी रक्कम उरली नव्हती, आणि कर्ज काढण्याची त्यांची तयारी नव्हती. चार वर्षांनी ते गेले. वहिनी आज ठेवीच्या व्याजावर आणि मुलाच्या आधारावर आहेत. त्यांनी मला कधीही बोल लावलेला नाही. त्यामुळेच तो कागद मला अधिक आठवतो.

इटली, स्वीडन आणि ब्रिटन

निवृत्तीनंतर या विषयावर जे वाचनात आले, त्यातून आमच्या शाखेतील अनुभव जगभरचाच आहे, असे ध्यानात आले. इटलीतील अर्थतज्ज्ञ तितो बोएरी आणि ग्विदो ताबेल्लिनी यांनी आपल्या देशातील नागरिकांची मते तपासली. वृद्धांची संख्या वाढत होती, पेन्शनचा बोजा वाढत होता, आणि प्रत्येक सुधारणेला विरोध होत होता. बहुसंख्य नागरिकांना आपल्या पेन्शन व्यवस्थेचा खर्च किती आणि ती चालते कशी, याची फारच अपुरी कल्पना असल्याचे त्यांना आढळले. ज्यांना ही माहिती अधिक होती, ते सुधारणा स्वीकारायला अधिक तयार होते. म्हणजे विरोधाचे मूळ केवळ स्वार्थात नव्हते, काही अंशी ते अज्ञानातही होते. पुढे हेच बोएरी २०१५ मध्ये इटलीच्या राष्ट्रीय सामाजिक सुरक्षा संस्थेचे प्रमुख झाले, आणि २०१६ मध्ये त्या संस्थेने नागरिकांना त्यांच्या संभाव्य पेन्शनचा अंदाज सांगणारी पत्रे नारिंगी लिफाफ्यांतून धाडण्यास आरंभ केला.

हा नारिंगी लिफाफा मूळचा स्वीडनचा. तेथे १९९० च्या दशकात पेन्शन व्यवस्थेची पुनर्रचना झाली, आणि १९९९ पासून दरवर्षी प्रत्येक नागरिकाच्या घरी तो लिफाफा येऊ लागला. तुमच्या नावावर आजवर किती जमा झाले आणि अमुक वयाला निवृत्त झालात तर दरमहा किती मिळेल, हे त्यात लिहिलेले असते. देशाच्या तिजोरीचे आकडे सामान्य माणसाच्या डोक्यावरून जातात. स्वतःच्या नावापुढचा आकडा मात्र तो दोनदा वाचतो.

माहिती दिलीच नाही, किंवा उशिरा दिली, तर काय होते याचे उदाहरण ब्रिटन आहे. तेथे स्त्रियांचे पेन्शनचे वय ६० होते. ते पुरुषांप्रमाणे ६५ करण्याचा कायदा १९९५ मध्ये झाला; अंमल २०१० पासून टप्प्याटप्प्याने व्हायचा होता. २०११ च्या कायद्याने हा वेग आणखी वाढवला. तयारीला पंधरा वर्षे हाती होती. परंतु १९५० च्या दशकात जन्मलेल्या असंख्य स्त्रियांना हा बदल साठी जवळ आल्यावरच कळला. कोणी नोकरी सोडून बसल्या होत्या, कोणी आजारी पतीच्या सेवेत होत्या. समान वयाच्या तत्त्वाला त्यांच्यापैकी अनेकींचा विरोध नव्हता. आम्हाला वेळेवर सांगितले नाही, हीच त्यांची तक्रार होती. तेथील संसदीय लोकपालांनी या कामात खात्याचा हलगर्जीपणा झाल्याचा निष्कर्ष काढला व मार्च २०२४ मध्ये भरपाईची शिफारस केली. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने दिलगिरी व्यक्त केली, पण भरपाई नाकारली. योग्य असलेली सुधारणाही वेळेवर न सांगितल्यामुळे अन्यायाची ठरते, ती अशी.

अर्धी माहिती

तर मग माहिती दिली की प्रश्न सुटला, असे समजावे काय? नाही. आपल्याकडील वाद माहितीच्या अभावापेक्षा अर्ध्या माहितीचा अधिक आहे.

करदात्यांच्या बाजूने सांगितले जाते की, जुनी पेन्शन राज्यांना बुडवील. यात तथ्य आहे. रिझर्व्ह बँकेच्या मासिक पत्रिकेत सप्टेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, सर्व राज्ये जुन्या योजनेकडे परतली तर दीर्घ मुदतीत त्यांच्यावरील एकूण बोजा नव्या योजनेच्या साडेचारपट होऊ शकतो. राजस्थान, छत्तीसगड, झारखंड, पंजाब, हिमाचल प्रदेश या राज्यांनी परतीचा निर्णय घेतला, त्याचा खरा खर्च आजच्या मंत्रिमंडळाला नव्हे, तर २०३५-४० नंतरच्या करदात्याला सोसायचा आहे. तो करदाता आज शाळेत आहे. त्याला मत नाही.

कर्मचाऱ्यांच्या बाजूने मोबाइलवर फिरते ती एखाद्या निवृत्ताची दोन-तीन हजारांची मासिक पेन्शन. तीही खोटी असतेच असे नाही. परंतु उशिरा नोकरीला लागून दहा-पंधरा वर्षांत निवृत्त झालेल्या माणसाची ती पेन्शन असेल, तर तीस वर्षे नोकरी करणाऱ्याने तिच्यावरून आपले भविष्य ठरवू नये, हे त्या संदेशात लिहिलेले नसते. उलट, "तुमची जोखीम तुमच्याकडेच" हे नव्या योजनेतील कटू सत्यही सरकारी जाहिरातीत ठळक नसते.

म्हणजे दोघांच्याही हाती खरे आकडे आहेत, पण प्रत्येकाने वहीचे एकच पान उघडले आहे. जमा पाहणाऱ्याला नावे दिसत नाही, नावे पाहणाऱ्याला जमा दिसत नाही. आणि आणखी एक गोष्ट: माणूस आकड्यापेक्षा सांगणाऱ्याकडे अधिक पाहतो. अण्णांनी माझ्यावर विश्वास ठेवला, कागदावर नव्हे. ज्याच्यावर विश्वास आहे त्याची जबाबदारी म्हणूनच मोठी.

आपल्या पेढीपुरते

हा सारा नोकरदारांचा प्रश्न, आपण व्यापारी, आपला काय संबंध, असे काही वाचकांच्या मनात येईल. संबंध दुहेरी आहे. एक म्हणजे आपण करदाते आहोत. दुसरे म्हणजे आपल्यालाही वृद्धापकाळ आहे, आणि आपल्या पेढीवर राबणाऱ्यांनाही.

छोट्या व्यापाऱ्यांसाठी केंद्राने सप्टेंबर २०१९ मध्ये एक मानधन योजना सुरू केली. वय १८ ते ४०, वार्षिक उलाढाल दीड कोटीपर्यंत, वयानुसार दरमहा ५५ ते २०० रुपये वर्गणी, तेवढीच सरकारची भर, आणि साठीनंतर दरमहा ३,००० रुपये. किती वाचकांनी तिचे नाव ऐकले आहे? तिला मिळालेला प्रतिसाद अपेक्षेच्या मानाने अत्यल्प राहिला. याउलट २०१५ मध्ये सुरू झालेल्या अटल पेन्शन योजनेत कोट्यवधी खाती उघडली गेली, कारण बँकेच्या खिडकीवर प्रत्येक खातेदाराला ती समजावून सांगितली गेली. माहिती पोहोचली की नाही, हा या दोन योजनांमधील एक मोठा फरक आहे. राष्ट्रीय पेन्शन योजनेचे दार तर १ मे २००९ पासून सर्व नागरिकांना खुले आहे.

पेढीवर वीस किंवा अधिक माणसे असतील तर भविष्य निर्वाह निधीचा कायदा लागू होतो, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण मालकाच्या वाट्यातील ८.३३ टक्के रक्कम पेन्शन योजनेकडे वळते, हे मुनिमालाही कित्येकदा ठाऊक नसते. २०१४ पासूनच्या १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेनुसार ही रक्कम महिन्याला जास्तीत जास्त १,२५० रुपये होते. नोकरी सोडताना निधीत अपेक्षेपेक्षा कमी रक्कम दिसली की नोकराला वाटते, शेटजींनी भरलीच नाही. पाच मिनिटांत समजावता येणारी गोष्ट वर्षांचा विश्वास घालवते.

म्हणून माझी वाचकांना विनंती आहे. पेन्शनच्या कोणत्याही बातमीवर, संदेशावर किंवा भाषणावर मत बनवण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. पैसा कोण भरणार आणि कोणत्या वर्षी? व्याजदर किंवा बाजार फिरला तर तोटा कोणाचा? महागाई वाढली तर रक्कम वाढणार का? आणि माझ्यामागे माझ्या जोडीदाराला काय मिळणार? चारही उत्तरे हाती आल्यावर आपले मत पूर्वीचेच राहिले, तरी ते आपले स्वतःचे मत असेल.

संपाच्या त्या दिवशी पेढीवर शेवटी काय झाले, तेही सांगतो. शेटजींनी चोपडीतला एक कोरा कागद काढून दिला आणि मी गुरुजींचा हिशेब मांडला. या वेळी मी चारही रकाने आखले. हिशेब पुरा व्हायला तासभर लागला. गुरुजी संपातून बाहेर पडले नाहीत, आणि शेटजींचाही विरोध पुरता मावळला नाही. पण उठताना गुरुजी म्हणाले, "मुलांवर कर्ज ठेवून मला पेन्शन नको, पण किमान किती मिळेल ते तरी कळू द्या." आणि शेटजींनी मुनिमाला हाक मारून विचारले, "आपल्या माणसांची पेन्शन कुठे जमा होते, त्याची पासबुके उद्या मला दाखवा."